साडूंनी दुरुस्त केलेली कुलपं

माझ्या साडूंनी मला फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे ओघात त्यांच्याविषयी चार बरे शब्द आले तरी कोणाचा गैरसमज व्हायला नको. रत्नागिरीच्या बाजारात मला फसवायला पुष्कळ जण टपून बसले होते. लाकडाचे ठेकेदार, ट्रकवाले, मुंबईचे आंब्याचे दलाल, सगळ्यांनी आपापली बुद्धी चालवून पाहिली. एकालाही जमलं नाही. जमलं ते या एका गृहस्थाला, ज्याला उभ्या आयुष्यात मुळ्याची जुडीसुद्धा भाव करून घेता आली नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मांडवीला राहायचे. बंदराच्या कचेरीत कारकुनी करून निवृत्त झाले होते. उंच, किंचित वाकलेले, आणि दुसरे लोक पेन लावतात त्या खिशाला स्क्रूड्रायव्हर लावलेला. माणसांची खुशाली विचारणं त्यांना उथळपणाचं वाटे. आमच्या घरात शिरले की ते वर पंख्याकडे बघत आणि "काय, कसा आहेस?" हे त्यालाच विचारत. मग मिक्सर, मग पंप, मग देवघरातला दिवा, आणि एवढ्यांचं क्षेमकुशल झाल्यावर वेळ उरला तर मी. "मला माहीत नाही" हे वाक्य त्यांच्या तोंडून कोणी ऐकलेलं नाही. न कळलेल्या गोष्टीबद्दल ते डोळे मिटून एवढंच म्हणत, "अंदाज आलाय." एकदा आमचं भिंतीवरचं घड्याळ मागे पडायला लागलं. साडूंना अंदाज आला. दुपारभर घड्याळ सतरंजीवर पसरलेलं होतं. संध्याकाळी ते पुन्हा भिंतीवर चढलं तेव्हा दोन चाकं उरली होती. ती कागदाच्या पुडीत बांधून त्यांनी माझ्या हातात ठेवली. म्हणाले, "ही जास्तीची होती. त्यांचंच ओझं होत होतं त्याला." घड्याळ त्या दिवसापासून मागे पडेनासं झालं हे खरं. ते पुढे पळायला लागलं. आमच्या घरी जेवणं लवकर होऊ लागली. आमचा रेडिओ खरखरायचा, तो त्यांनी माळ्याच्या तुळईला उलटा टांगला. उलटा टांगल्यावर तो स्वच्छ बोलू लागला, याचं कारण मला आजवर कोणी सांगू शकलेलं नाही. साडूंना विचारलं तर म्हणाले, "वटवाघूळ उलटं लटकूनच सुखी असतं की नाही?"

आता माझं थोडं सांगतो. मी सावर्ड्याच्या आतल्या बाजूच्या एका खेड्यातला. रत्नागिरीला आलो तेव्हा डोक्यावरून फळ्या वाहायचो. पुढे त्याच फळ्यांची आंब्याची खोकी करून विकायला लागलो आणि खोक्यांचा कारखाना काढला. फळीवर बोटाचं हाड आपटायचं, आवाज ऐकायचा आणि गाठ कुठे आहे, कीड कुठे आहे ते सांगायचं, यात माझा हात धरणारा जिल्ह्यात नव्हता. दुसरा माझा नियम असा की समोरचा बोलतोय ते कळलं नाही तरी कळल्यासारखी मान हलवायची. एकदा आपलं अज्ञान दिसलं की समोरचा भाव वाढवतो. या दोन गोष्टींवर मी उभा राहिलो आणि या दोन गोष्टींवरच साडूंनी मला आडवा केला.

गाडी मी मुंबईला एका पारशी म्हाताऱ्याकडून घेतली. जुनी जर्मन गाडी, डिझेलची, शेवाळी रंगाची. म्हाताऱ्याशी मी सकाळपासून घासाघीस करत होतो आणि तो जेरीला आला होता. तेवढ्यात त्याने खाली उतरून आपल्या दाराला किल्ली लावली आणि फिरवली. टक्. चारी दारांची कुलपं एकदम लागली. वीज नाही, बटण नाही, कोणी हात लावलेला नाही. म्हातारा म्हणाला, "एंजिन हवा ओढे छे, हवा कुलूप ओढे छे." आयुष्यात असला गुळगुळीत आवाज मी ऐकला नव्हता. घासाघीस तिथेच थांबली. हा माझा पहिला घाटा. पण तो मी समजून उमजून सोसला.

त्या आवाजाचं मला काम होतं. आमच्या गावचे खोत, अण्णा, यांच्याकडे माझ्या लहानपणी एक जीप होती. मी एकदा तिच्या पायरीवर चढून उभा राहिलो. अण्णांनी मला कानाला धरून खाली उतरवलं आणि जिथे माझा हात लागला होता ती जागा फडक्याने पुसून काढली. कानाचं मी केव्हाच विसरलो. फडकं विसरलो नाही. मला येत्या शिमग्याला, गावाच्या देवीची पालखी बाहेर निघते त्या दिवशी, अण्णांच्या दारात ही गाडी उभी करायची होती. खाली उतरायचं, एका किल्लीत चारी दारं बंद करायची आणि मागे न बघता पालखीकडे चालू लागायचं. बस्स, एवढंच. बाकी गाडीतून माल जातो की माणसं जातात याच्याशी मला कर्तव्य नव्हतं.

आणि त्याआधीच्या पावसाळ्यात त्या कुलपांना वेड लागलं. किल्ली फिरवावी तर आपलं दार बंद व्हायचं आणि बाकीची तीन आपल्याला काही सांगितलंच नाही अशी उघडी राहायची. कधी चालत्या गाडीत आपणहून खाली बसायची ती वर यायला तयार नसायची. मुंबईच्या एका दलालाला मी किनारा दाखवायला नेलं, तर त्याच्या बाजूचं कुलूप असं अडकलं की त्याला खिडकीतून, पाय आधी, असा काढावा लागला. भर मांडवीला, भेळेच्या गाड्यांसमोर. त्या वर्षी त्याने आंब्याची खोकी दुसऱ्याकडून उचलली. गॅरेजवाल्यांनी गाडीभोवती फेरी मारून हात जोडले. त्यांना ट्रक ठाऊक, टॅक्सी ठाऊक. हवेवर चालणारं कुलूप त्यांच्या बापजन्मी पाहिलेलं नव्हतं.

साडूंनी मात्र दाराला कान लावला, डोळे मिटले आणि म्हणाले, "अंदाज आलाय. दार बिघडलेलं नाही. दाराला धाप लागलीय."

दुसऱ्या दिवसापासून ते रोज मांडवीहून चालत यायला लागले. चारी दारांची आतली पाठ उतरवली. आत प्रत्येक दारात तळहाताएवढी एक डबी, डबीत रबराची पडदी, आणि तिथून निघून एक बारीक रबरी नळी गालिच्याखालून इंजिनाकडे गेलेली. इंजिन हवा ओढतं, पडदी हलते, तिला जोडलेली सळई कुलपाला खाली खेचते. कुठे गळती असली की ओढ संपली. साडूंची तपासणी अशी की नळीचं टोक तोंडात धरायचं, हुक्का ओढावा तशी हवा ओढायची आणि टोक जिभेवर टेकवायचं. नळी जिभेला चिकटून राहिली तर दार निरोगी. सुटून आली तर आजारी. "हे पुढचं, डाव्या हाताचं, ठणठणीत आहे," ते जाहीर करत, "मागच्या दोघांच्या छातीत भोक आहे." माझी बायको चहा घेऊन बाहेर यायची आणि म्हणायची, "भावोजी, जीभ बघा आरशात. शाई प्यायल्यासारखी झालीय." ते जीभ न बघताच म्हणायचे, "होऊ दे गो. वैद्याला कडू लागतंच." चहा गार होऊन त्यावर साय धरायची. मग ते तो एका दमात पीत आणि सांगत की निवलेल्या चहातच चहाची खरी चव असते.

निदान बरोबर होतं, हे मी कबूल करतो. खाऱ्या हवेने मागच्या दोन पडद्या कुजून फाटल्या होत्या. आता नव्या कुठून आणायच्या? मुंबईच्या भंगारबाजारात माणूस पाठवला, तो दुसऱ्याच गाडीचा आरसा घेऊन आला. तेव्हा साडूंनी सायकलच्या ट्यूबची पडदी कापली. ती जाड, इंजिनाला ओढवेना. जत्रेतल्या फुग्याची लावली. ती पातळ, पहिल्याच दिवशी फाटली. मग एका सकाळी ते कागदात काहीतरी ओलं गुंडाळून आले. घोळ माशाच्या पोटात हवेचा फुगा असतो, तो होता. म्हणाले, "देवाने हवा धरायलाच केलेली वस्तू. समुद्राच्या तळाशी फाटत नाही, तुमच्या दारात काय फाटणार?" मी मान हलवली. पडदी बसली. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कुलपं अशी चालली की मी साडूंना मिठीच मारायची बाकी ठेवली. दुसऱ्या दिवशी ऊन तापलं. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडीभोवती आळीतली झाडून सगळी मांजरं बसली होती. मी गाडी बाजारात नेली तर ती मागून आली. बाजारातली त्यांना सामील झाली. खोक्यांचा कारखानदार पुढे आणि मांजरांची वरात मागे, अशी माझी ती फेरी रत्नागिरीने पाहिली. बायको नाकाला पदर लावून म्हणाली, "विकायला काढलीत ती मासळी तरी ताजी आहे का म्हणून विचारत होत्या शेजारच्या."

माझं डोकं मुळात तापट. शिमगा तोंडावर आलेला. दाराच्या पाठी अंगणात वाळत पडलेल्या. मी साडूंना अंगणातच गाठलं आणि पोटात होतं ते सगळं ओकलो. "तुमच्याने होत नाही, तर नाही म्हणा! एकदा नाही म्हणा, साडूभाऊ, जीभ झडणार नाही! सणाच्या आत झालं नाही तर या उंबऱ्यावर पाय ठेवू नका."

त्यांनी स्क्रूड्रायव्हर पुसला, खिशाला लावला. "ओरडता कशाला? झालं समजा."

आणि खरंच झालं. सणाच्या आधी त्यांनी मला हाक मारली. दारांच्या पाठी जागच्या जागी बसलेल्या, वास नाही, मांजर नाही. स्वतः साडू मागच्या सीटवर आरामात बसलेले. "लावा किल्ली," आतून म्हणाले. मी फिरवली. टक्, आणि लगोलग तिहेरी टक्. उघडली. पुन्हा लावली. मी दाराला कान लावून ऐकलं, जसा फळीचा आवाज ऐकतो तसा. खणखणीत. फक्त पूर्वी चारी एकदम लागायची, आता आधी एक आणि मग तीन. तसं मी विचारलं. साडू म्हणाले, "हवेला मागपर्यंत चालत जायला वेळ नको?" मी मान हलवली. मग म्हणाले, "एक पथ्य आहे. नवं काम आहे, अंगात मुरलेलं नाही. कुलूप लावताना मी आत असलेला बरा. माणसाच्या वजनाने हवा दाबून राहते." मी याच्यावरही मान हलवली. त्यांच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या. विचारलं, तर विळीवर कापलं म्हणाले.

शिमग्याच्या दिवशी आम्ही तिघं गावाला गेलो. पुढे मी आणि बायको, मागे साडू. गाडी अण्णांच्या दारात उभी केली. अण्णा पडवीत बसले होते. पार थकलेले, पण मिशी तीच आणि नजर तीच.

"कोण रे तो?"

"मी. बाबल्याचा."

"बाबल्याचा? आणि ही गाडी रे?"

"माझी."

"भाड्याची नाय ना?"

मी उतरलो, बायको उतरली, आणि मी किल्ली फिरवली. अण्णा उठून काठी टेकत पायऱ्या उतरून आले.

"चारी लागली?"

"चारी."

"एकाच किल्लीत? हात न लावता?" त्यांनी मागचं दार ओढून पाहिलं. बंद. "आणि आत माणूस रे तो?"

"साडू आहेत. गर्दी सोसत नाही त्यांना."

"बरं. परत कर बघू."

मी परत केलं. अण्णांनी घरातल्या लोकांना हाका मारल्या, पुन्हा करायला लावलं. मग म्हणाले, "आण ती किल्ली हिकडं," आणि स्वतः फिरवत बसले. लावायची, उघडायची, लावायची, आणि दर वेळी "हात् मेल्या!" म्हणून हसायचं. म्हाताऱ्याला खेळणं सापडलं होतं. दर वेळी आत साडूंची मान किंचित पुढे झुकत होती. मला वाटलं, प्रवासाने डोळा लागलाय. शेवटी सहाणेवरून, म्हणजे पालखी बसते त्या चौथऱ्यावरून, ढोल ऐकू आले. अण्णांनी किल्ली मला दिली. गाडीच्या छपरावर त्यांच्या घामट पंजाचा ठसा उमटला होता. तो त्यांनी खांद्यावरच्या उपरण्याने, सावकाश, नीट पुसला. "चल," म्हणाले. आणि मी मागे न बघता त्यांच्याबरोबर पालखीकडे चालत गेलो.

पालखी नाचली, नारळ झाले, गाऱ्हाणी झाली. फाल्गुनातलं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. बायको मध्येच तांब्याभर कोकम सरबत घेऊन गाडीकडे गेली होती. परत आली ती माझ्याकडे बघेना. मी विचारलं नाही. माझा सण फार चांगला चालला होता.

त्यानंतर साडू गाडीला चिकटले ते चिकटलेच. मी कुठेही निघालो की ते मांडवीच्या नाक्यावर उभे. चिपळूणला लग्नाला गेलो, सगळे मांडवात, साडू गाडीत. बायकोने ताट तिथे नेऊन दिलं. वसुलीला गेलो, साडू मागे. दवाखान्यात गेलो, साडू मागे. माणूस फिरायचा हौशी आहे आणि फुकट मिळालं की त्याला पोहोचायच्या गावाशी देणंघेणं नाही, असा मी हिशेब बांधला होता आणि तसं चारचौघांत बोलूनही दाखवत होतो. बायको तेव्हा भांडी जरा जास्त आपटायची. "आता काम मुरलं असेल की, साडूभाऊ!" असं मी कधी डिवचलं तर ते बोटं चोळत म्हणत, "मुरतंय, मुरतंय. घाई नको." घरच्या अंगणाला फाटक होतं, तिथे गाडीला कुलूप लावायची वेळच येत नसे. गाडीत बसल्या बसल्या ते डॅशबोर्डवरच्या घड्याळाशी बोलत. परत येताना मांडवीला उतरत आणि गाडीच्या टपावर हलकेच थाप मारत, बैलाच्या पाठीवर मारतात तशी. मला मात्र निरोपाचा एक शब्द नाही.

काही वर्षांनी साडू गेले ते झोपेतच. कोणाला त्रास नाही, काही नाही. दिवसकार्य झाल्यावर मी गाडी बाहेर काढली, कचेरीपाशी उभी केली, किल्ली फिरवली. एक दार लागलं. तीन उघडी. मी पुन्हा फिरवली. मग शिव्या घातल्या. मग चिपळूणला एक नवा मिस्त्री आला होता, परदेशी गाड्यांवर काम केलेला, त्याच्याकडे नेली.

त्याने मागची सीट उचलली आणि मला हाक मारली. सीटखाली लाकडाची एक मूठ होती, हाताळून हाताळून काळी गुळगुळीत झालेली. तिला मासे पकडायचा जाड तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोर, बांधलेला, आणि त्याचे तीन फाटे गालिच्याखालून तीन दारांत गेलेले. दारांत हवेच्या डब्या नव्हत्याच. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या होत्या, सळया वर खेचून धरणाऱ्या. मूठ ओढली की तीन कुलपं खाली, आणि मूठ सोडली की पुन्हा वर. म्हणजे कुलूप लागलेलं राहायला हवं असेल, तर कोणीतरी ती मूठ ओढून धरून बसायला हवं.

मिस्त्री हसायला लागला. "शेठ, ही गाडी आत माणूस असल्याशिवाय बंद होत नाय. तुमच्या आधीच्या मालकाचं डोकं भारीच हां!"

"आधीच्या मालकाचं नाही," मी म्हणालो. तो आणखी काही विचारणार होता, पण माझं तोंड बघून त्याने सीट खाली ठेवली.

घरी आलो आणि बायकोला समोर बसवलं. "तुला ठाऊक होतं?"

"सरबत द्यायला गेले तेव्हा कळलं," ती म्हणाली. "घामाने थबथबले होते. तरी मूठ सोडत नव्हते. मी म्हटलं, भावोजी, सोडा आता, कोण बघतंय? तर म्हणाले, अण्णा मध्येच येऊन दार ओढून बघतील."

"आणि नंतर? इतकी वर्षं? नंतर कोण अण्णा बघत होते?"

"तुम्ही बघत होतात की," असं म्हणून ती उठून आत गेली.

तिचा रोख मला कळला नाही असं नाही. पण त्याने माझी तक्रार मिटत नाही. मी व्यापारी माणूस आहे. ज्याने त्याने आपला भाव सांगावा, मी माझा सांगेन, आणि मध्ये कुठेतरी जमेल. या पद्धतीनेच मी जगात सगळं मिळवलं. कोणाचं काही फुकट घेतलं नाही. साडूंनी मला काहीतरी दिलं आणि ते देताहेत हे कळू दिलं नाही. भाव करायची संधी दिली नाही, नको म्हणायची संधी दिली नाही. पुढच्या सीटवर या, असं म्हणायचीसुद्धा संधी दिली नाही. धंद्यात याला फसवणूकच म्हणतात. दुसरा शब्द मला येत नाही. आणि ते का केलं हेही सांगून गेले नाहीत. जमलं नाही हे कबूल करायचं नव्हतं, केवळ तेवढ्याच हट्टापायी बसले, की आमच्याविषयी मनात आणखी काही होतं? दोन्ही असेल तर कुठलं किती?

बायको सांगत नाही. साडूंच्या घरी विचारलं तर तिथे सगळे हसतात आणि मग विषय बदलतात. त्यांना ओळखणारे मांडवीला अजून पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी कोणीतरी यावं, माझ्यासमोर बसावं आणि याचा जाब द्यावा. जे सांगतील ते मी ऐकून घेईन. घासाघीस करणार नाही.